गुडघ्याची चौकशी

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठमीस ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आईचं पित्त आणि माझा स्वभाव सोडून. तुम्ही दोघं तिकडे धडधाकट असाल असं धरून चालते. फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. फोन लावला की दुसऱ्या मिनिटाला आई तो माझ्या हातातून काढून घेते, मग तुमचं 'जेवलीस का, वाळलीस का' सुरू होतं आणि मी आपली भिंतीला टेकून उभी. पत्र निदान मला शेवटपर्यंत लिहिता येतं. आईला ते वाचताही येत नाही, कारण डोळ्याचं ऑपरेशन तिने पुन्हा पुढे ढकललंय.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या अहोंचा कारखाना बंद पडल्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही इकडे परत आलात तर मालक तुला तुझ्या जागेवर पुन्हा घेतील का, असं तू विचारलंयस. विचारते. पण आत्ता लगेच विचारण्यासारखी हवा नाही ऑफिसात. का, ते ऐक.

तू होतीस तेव्हा आपलं सॉफ्टवेअर बिचारं साधं होतं. शिंप्याने मापं टाकायची, त्याने बाही, पाठ, कॉलर असा सगळा खाका कागदावर छापून द्यायचा, संपलं. आता त्याला मोबाइलवर चालायचंय, फोटोवरून मापं घ्यायचीत, आणखी काय काय करायचंय. त्यासाठी मालकांनी दोन नवी माणसं घेतली, आणि दोन महिन्यांनी खर्च बघून कपाळाला हात लावला. मग निघाला फतवा: ज्यांनी एकदाच पैसे भरून 'आजीवन' घेतलंय त्यांनीही यापुढे दरवर्षी काहीतरी भरायचं, आणि नवीन येणाऱ्यांना आजीवनचा भाव जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, "अहो, आपणच आजीवन म्हणून विकलं ना?" तर आपला चष्मेवाला प्रोग्रामर मान वर न करता म्हणतो, "आजीवन म्हणजे त्या आवृत्तीचं आयुष्य. नियमांत लिहिलंय." "कुठे लिहिलंय?" "खाली. बारीक अक्षरात." आपली गिऱ्हाइकं सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाका मारतात, ती बारीक अक्षरं वाचणार!

तर हे कळवणारी मेल सगळ्यांना गेली. सही अर्थातच 'तुमची शिवणमावशी'. तू ते नाव काढलंस, तू गेलीस, आणि मालकांनी नियम करून ठेवला की माणूस बदललेला गिऱ्हाइकाला कळता कामा नये. दोन वर्षं झाली, मी शिवणमावशी आहे. पण लोकांच्या लेखी ती तूच. म्हणजे बघ, भाववाढ केली मालकांनी, मेल लिहिली मी, आणि शिव्या बसल्या तुला.

आणि कसल्या शिव्या! खाली बटणांच्या दुकानात खोकी उतरवणारे हमाल लाजतील. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई लिहितात, "मावशी, तुमच्या शब्दावर मी माझ्या जावेलाही घ्यायला लावलं, आता तिला कोणतं तोंड दाखवू?" बाहुल्यांचे कपडे शिवणारे ते निवृत्त मास्तर लिहितात, "आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? माझं असेल तर मी अजून जिवंत आहे, खात्री करायची तर या घरी." एकाने नुसतं 'छी' लिहिलंय. एकच अक्षर. त्याला काय उत्तर देणार, सांग. आणि एका बाईंनी कळवलंय की मावशीला प्रेमाने शिवून पाठवलेली कापडी पिशवी ताबडतोब परत करावी. ती पिशवी तूच नेलीस ना गं? मला तर आजवर कुणी रुमालसुद्धा पाठवला नाही.

मला वाईट वाटलं हं तुझ्यासाठी. दिवसभर तुझ्या नावाने चाललेला तो शिमगा वाचत बसले होते. त्या दिवशी डबा मात्र अगदी चाटूनपुसून संपवला, भूकच लागली होती तशी.

त्यातच एक घोटाळा झाला. मेलच्या सुरुवातीलाच 'तुमचा गुडघा आता कसा आहे?' असं वाक्य गेलं. सगळ्यांना. हजारो माणसांना गुडघ्याची चौकशी आणि खाली भाववाढ. कॉम्प्युटरने काहीतरी केलं असणार, मला त्यातलं कळत नाही. त्यावरून जी करमणूक झाली ती विचारू नकोस. एकाने लिहिलं, "माझा गुडघा ठणठणीत आहे, तुमची नियत तपासून घ्या." दुसऱ्याने लिहिलं, "गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून जमवलेले पैसे तुम्हालाच पाठवू का?" आणि गंमत म्हणजे कितीतरी लोकांनी खरोखर गुडघ्याचा हालहवाल कळवला. जिना चढताना कट् होतं, थंडीत आखडतो, कुठलं तेल लावलं, कुणाचा पट्टा बांधला. एका बाईंनी एक्स-रे जोडलाय. भाववाढीबद्दल अवाक्षर नाही! मावशीने विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

असो. मालक सध्या सगळ्यांवर खेकसतायत, त्यामुळे तुझ्या कामाचं विचारायला योग्य वेळ बघते. तू सामान बांधायची घाई करू नकोस. सासरच्यांनाही इतक्यात काही बोलू नकोस.

आईचा तुला आशीर्वाद आहेच, तो वेगळा लिहायला नको.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी, बुधवार

चि. ठमे, आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. आई ते पाकीट हातात घेऊन अर्धा दिवस बसली होती. वाचता येत नाही, पण अक्षर हाताला लागतं म्हणे. मी रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा बाई टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करत नाहीत. सांगून ठेवते आपलं.

तू लिहिलंयस, 'ताई, गुडघ्याचं वाक्य वाचून हसता हसता ठसका लागला, ते तर माझंच वाक्य, नाटकाचे कपडे शिवणाऱ्या काकांना लिहिलेलं.' हो बाई, तुझंच आहे. कॉम्प्युटरने काही केलं नाही. मी केलं. मालक म्हणाले, "मेल जरा गोड कर, बहिणीसारखी." बहिणीसारखी! आता बहिणीसारखी म्हणजे कशी, तर मी तुझ्या जुन्या मेल उघडल्या आणि त्यातली एक बरी दिसली तिचा वरचा भाग उचलून आपल्या मेलला लावला. 'सप्रेम नमस्कार, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही, तुमची आठवण येते' इथपर्यंत घ्यायचं होतं. गुडघा चुकून सोबत आला. झालं समाधान? हस अजून.

आता पुढचं. इतकं हसू येणार नाही तुला.

गेल्या आठवड्यात एक मेल आली. कोट शिवणारा एक जण आहे, तुला आठवेल. मला त्याची मापं तेवढी ठाऊक, नाव कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याने लिहिलंय: "मला उजवा गुडघाच नाही. पाय मांडीपासून गेलेला आहे, हे मावशींना माहीत आहे. डाव्या पायाने चालेल असं मशीन त्यांनीच मला शोधून दिलं होतं. तेव्हा हे लिहिणाऱ्या तुम्ही मावशी नाही. भाववाढीचं आपण नंतर बोलू. मावशी कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?"

मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. मेल्यासारखं झालं अगदी. लाज वाटली, खरंच वाटली. पण लाजेच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली आणि ती लाजेला ढकलून पुढे उभी राहिली. दोन वर्षं मी त्या माणसाच्या कॉलरी नीट करून देतेय, ठमे. त्याच दिवशी देते, तू तर दोन-दोन दिवस लावायचीस. आणि त्याला मी तेव्हा दिसले, जेव्हा मी तू नाही हे कळलं.

त्याने ते गिऱ्हाइकांच्या गप्पांच्या ग्रुपवरही टाकलं. मग काय विचारतेस! शिव्या एकदम थांबल्या. सगळ्यांना मावशीची काळजी. मावशी आजारी आहेत, मावशींना काढून टाकलं, मावशी अंथरुणाला खिळल्या आहेत आणि कंपनी त्यांच्या नावावर धंदा करतेय. ते मास्तर, 'मी जिवंत आहे' म्हणणारे, त्यांनी लिहिलंय, "ही वाढ मावशींच्या औषधपाण्यासाठी असेल तर तसं स्पष्ट सांगायचं होतं. मी दोन वर्षांचे एकदम भरतो." आणि भरलेसुद्धा! त्यांचं बघून गणवेशवाल्या बाईंनी भरले, जावेचेही भरले. पिशवीवाली बाई म्हणते, पिशवी राहू द्या, रागाच्या भरात बोलले, मावशींना आणखी एक शिवून पाठवते, दवाखान्यात न्यायला बरी.

मालक पैसे आलेले बघतात आणि गालात हसतात. मी म्हटलं, "मावशी आजारी नाही हे कळवूया ना लोकांना?" तर म्हणाले, "आपण आजारी आहे असं कुठे म्हटलंय? राहू दे त्यांचा समज. प्रेमाने देतायत." चष्मेवाल्याने पहिल्यांदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि परत खाली घातली.

सांगू का तुला? शिव्या येत होत्या तेव्हा मी मजेत होते. हो, होते मजेत. गेल्या पत्रात मी ते झाकलं, आता झाकवत नाही. वाटायचं, घ्या, बघा तुमची लाडकी मावशी! एकदा तरी तिच्यावर रागावलात! लहानपणापासून कुणी तुझ्यावर रागावलेलं मी पाहिलंच नव्हतं. बाबांची फुलदाणी तू फोडलीस तेव्हाही ते तुझं बोट कापलं का बघायला धावले. आणि इथे एवढी माणसं तुझ्या नावाने बोटं मोडत होती. आठवडाभर टिकलं माझं सुख. आता तीच माणसं तू जगावीस म्हणून पैसे भरतायत. मी समोर बसलेय, हाडामांसाची, सर्दी झालेली, नाक पुसत त्यांच्या बाह्या दुरुस्त करतेय, आणि लोक तुझ्या आजारपणासाठी हळहळतायत. जो आजार तुला झालेलाच नाही!

तुझ्या कामाचं अजून विचारलेलं नाही. मालक तुझं नाव काढतात अधूनमधून, पण ते आपलं असंच.

सर्दीमुळे आता थांबते.

ताई


१४ मार्च, शनिवार

ठमे,

आशीर्वाद घे आणि हे पत्र बसून वाच. अहोंना आत्ता दाखवू नकोस. आधी तू वाच, मग ठरव.

मी सगळ्यांना मेल पाठवली. माझ्या नावाने. मालकांना न विचारता. सोमवारी ते बँकेत गेले होते आणि ऑफिसात मी आणि चष्मेवाला दोघंच होतो. मी लिहिलं की शिवणमावशी दोन वर्षांपूर्वी लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तिला काही झालेलं नाही, ती उत्तम आहे आणि आजही खूप खाते. लिहिलं की तिच्या जागी तेव्हापासून मी आहे, मी तिची थोरली बहीण, भाववाढीची मेल मी लिहिली, गुडघा माझ्या हातून गेला, आणि ज्यांनी मावशीच्या औषधाला म्हणून पैसे भरले त्यांनी ते परत मागावेत, कारण औषध कुणी घेत नाहीये. खाली माझं पूर्ण नाव. पाठवायच्या आधी चष्मेवाल्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं, एक चुकलेलं अक्षर दाखवलं आणि म्हणाला, "मी बाहेर चहाला चाललोय. मी काही बघितलं नाही."

तू आता म्हणशील, ताई किती खरी, किती धीराची. आई तर म्हणालीच, तिला अर्धंच सांगितलं तरी. तसलं काही नाही गं. मला सहन होईना म्हणून पाठवली. आजारी पडून तू त्यांच्या आणखी जवळ जात होतीस. तू आहेस, सुखरूप आहेस, आणि इथे नाहीस, हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. निव्वळ जळफळाट. खरेपणा त्यात आला तो ओघाने आला.

मग जे झालं ते असं. शिव्यांचा दुसरा पूर आला, पहिल्यापेक्षा मोठा. या वेळी माझ्या नावाने. 'बनावट बाई', 'उसनं नाव लावणारी', 'मावशीच्या नखाची सर नाही तुम्हाला'. मास्तरांनी लिहिलं, "पैसे परत पाठवा, आणि पुन्हा कुणाच्या अवयवांची विचारपूस करू नका." मी एकेक वाचली. सगळ्या वाचल्या. तुला वेड लागल्यासारखं वाटेल, पण मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी लिहीत होतं. वाईट का असेना, माझं होतं. कोटवाल्याने दोनच ओळी लिहिल्या: "कळलं. मावशी बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. वाढीव पैसे मी भरणार नाही. बाही जोडतो तिथला मुंढा अर्ध्या बोटाने मोठा येतोय, बघता का?" मी बघितलं. दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "बरोबर आला." बस्स, एवढंच. आभार नाहीत, मावशीची आठवण नाही, काही नाही. मी ते तीनदा वाचलं.

मालकांचं काय झालं असेल ते तू ओळखशील. टेबलावर हात आपटले, ते खालच्या बटणवाल्यापर्यंत ऐकू गेलं. जुन्यांचे पैसे परत करावे लागले आणि जुन्यांवरची वाढ मागे घ्यावी लागली. नव्यांना भाव दुप्पटच आहे. मला वाटलं, गेली आपली नोकरी. पण त्यांनी मला काढलं नाही. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "आता तुझ्या बहिणीला बोलवायचंच. तू पुन्हा नाही म्हणू नकोस."

पुन्हा. तू हे वाचून थांबली असशील.

ऐक. गुडघ्याचा घोटाळा झाला त्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, तिला लिही, परत येते का विचार, ती असली की लोक ऐकतील. तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. 'मालक मला घेतील का गं ताई?' तुझे ते शब्द पर्समध्ये, आणि समोर मालक विचारतायत की ती येईल का. आणि मी म्हटलं, "ती तिकडे छान रमलीय. नाही यायची." सहज म्हटलं, सर्दीचं औषध सांगावं तसं. मग घरी येऊन तुला लिहिलं की अजून विचारलेलं नाही. तुमच्याकडे पगार बंद, तू सासूबाईंसमोर भाजीला पैसे मागतेयस, आणि मी दोन्हीकडचं दार धरून मध्ये उभी.

का, ते सांगायला नको, पण सांगते. ती खिडकीजवळची खुर्ची मला आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यामागून न येता मिळाली होती. म्हणजे आली तुझ्यामागूनच, पण तू तिथे नव्हतीस. घरी आई तुझी, बाबा होते तोवर तेही तुझेच. शाळेत बाई विचारायच्या, 'तू तिची बहीण का?' अगं, थोरली मी! तिला विचारायला हवं ना माझं! आणि आता तू आलीस तर मालकांनी ठरवलंय, गिऱ्हाइकांशी तू बोलायचंस, मी आतल्या खोलीत बसून मापं तपासायची. आतल्या खोलीला खिडकी नाही. पंखा आहे, तो घरघरतो.

पुढची गोष्ट तर सांगायचीच नव्हती. ती माझी मेल लिहिण्याआधी मी तुझ्या सगळ्या जुन्या मेल वाचून काढल्या. पहिल्यापासून. तुला पकडायला. मला पक्कं वाटायचं की तू गोड बोलून लोकांना गुंडाळतेस. एक तरी खोटं सापडेल, एखाद्याला तू उगाच काहीतरी कबूल केलेलं असेल, म्हणजे मग मला शांतपणे बसता येईल. चार दिवस तेच करत होते, डबासुद्धा स्क्रीनसमोर खाल्ला. नाही सापडलं. उलट काय सापडलं, तर एका बाईंना तू लिहिलंयस, 'तुम्ही महिन्याला दोनच झगे शिवता, तुम्हाला आमचं सॉफ्टवेअर लागणार नाही, घेऊ नका, कागद-पेन्सिल पुरे.' मालकांनी ते बघितलं असतं तर तुला तेव्हाच घरी बसवलं असतं! आणि आजीवन घेणाऱ्यांना तू दरवेळी एक ओळ लिहायचीस, 'कंपनी राहील तोवर. त्यापुढचं मी सांगू शकत नाही.' कुणाच्याही बारीक अक्षरात नाही, सरळ मधोमध. तू नुसती गोड असतीस तर मला किती बरं वाटलं असतं, ठमे. मी त्यात माझा उल्लेखही शोधला. 'माझी बहीण', 'माझी ताई', असं कुठे काही. एकदाही नाही. एवढ्या लोकांचे गुडघे, कंबरा, सुना, नातवंडं, आणि मी एकदाही नाही. त्याचा राग अजून आहे, तो हे पत्र लिहून गेलेला नाही.

बुधवारी कोटवाल्याची आणखी एक मेल आली. विचारत होता, मावशी पुन्हा यायची काही शक्यता आहे का, आग्रह नाही, सहज विचारतोय. मी उत्तर लिहायला घेतलं. 'ती तिकडे रमलीय' एवढं टाइप केलं आणि हात थांबला. मालकांना बोलताना थांबला नव्हता. त्या माणसाला नाही लिहवलं. त्याला मी आधीच एकदा नसलेल्या गुडघ्याबद्दल विचारलेलं आहे. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'विचारून सांगते.'

म्हणून हे पत्र. मालकांचा निरोप असा: एक तारखेपासून ये, पूर्वीचाच पगार, पुढे बघू. घर मिळेपर्यंत तुम्ही दोघं आपल्याकडे राहा, मी आईच्या खोलीत झोपेन. अहोंसाठी चष्मेवाल्याने त्याच्या मेहुण्याच्या कारखान्यात शब्द टाकलाय. मी सांगितलं नव्हतं, त्यानेच टाकला. माझी एकच अट आहे आणि ती मी मालकांकडून कबूल करून घेतलीय. मी आतल्या खोलीतून गिऱ्हाइकाला जे पाठवीन त्याखाली माझं नाव असेल. तू खुशाल मावशी राहा.

तू येशील तेव्हा आई दारात उभी राहील, गिऱ्हाइकं मेलवर नाचतील, मालक स्वतः चहा मागवतील, आणि माझं तोंड वाकडं असेल. ते मला आवरणार नाही. तू जवळ येऊन 'ताई, काय झालं?' असं मुळीच विचारू नकोस, तुला ठाऊक आहे काय झालं. मला तू यायला नको आहेस. हे मी आजच लिहून देते, म्हणजे पुढे कधी भांडलो तर मी फसवलं असं तुला म्हणता येणार नाही.

पण तू ये. या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, तिकीट काढ.

तुझ्यावर जळणारी, आणि तरी तुझीच,
ताई